मिशी, मास्क आणि बोनसचे एक लाख

गेल्या महिन्यात दिवाळी अंकाच्या धामधुमीत हे सदर राहून गेलं, त्यामुळे पत्रं साचली आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच: मालवणला किंवा अंदमानात स्कूबा डायव्हिंग करून आलो, आता स्वतःचं सामान घ्यायचंय, सुरुवात कुठून करू? नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी कोपरखैरण्यात राहतो, ३१ वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो आणि डायव्हिंग चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलो. त्यामुळे माझी उत्तरं जरा व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगच्या (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांच्या) अंगाने जातात. सांभाळून घ्या.

‘वय २९, राहणार ऐरोली, आयटीत नोकरी. नुकताच अंदमानात ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला, एकूण सहा डाइव्ह झाल्या. बोनसमधले एक लाख खास यासाठी बाजूला ठेवलेत. ऑफिसातला एक सहकारी कायमचा कॅनडाला चाललाय. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), मनगटावरचा कॉम्प्युटर, फिन्स (पायात घालायचे पंख) असा पूर्ण सेट तो साठ हजारांना देतोय. तीन वर्षं माळ्यावर पडून आहे, पण “दहा-बारा वेळाच वापरलाय” म्हणतो. घरचे म्हणतात, सोडू नकोस. घेऊ का?’

दहा-बारा वेळाच वापरलाय यापेक्षा तीन वर्षं माळ्यावर पडून आहे, हे वाक्य मला जास्त खटकलं. वापरातला रेग्युलेटर मी डोळे झाकून नाही, पण निदान शांतपणे हातात घेईन. ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत, धुतला की नाही हे माहीत नसताना, तीन पावसाळे खाल्लेल्या रेग्युलेटरचं मात्र मला भय वाटतं.

का, ते सांगतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने कोंडलेली असते. तुमच्या स्कूटरच्या टायरमध्ये जेमतेम दोन बार असतात, यावरून कल्पना करा. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा जो गोळा, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो हा दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, एवढ्यावर आणतो. तिथून हवा नळीने तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते आणि तुम्ही श्वास ओढाल तेव्हा, तुम्ही असाल त्या खोलीच्या दाबाने मिळते. हे सगळं अवलंबून असतं एका नखाएवढ्या सीटवर. धातूच्या धारेवर टेकणारं ते प्लॅस्टिक. त्यावर चरा उठला किंवा मिठाचा कण अडकला की मधला दाब हळूहळू चढत जातो आणि एक वेळ अशी येते की सेकंड स्टेज आपोआप फसफसायला लागतो. कारखान्यात आम्ही याला प्रेशर ‘क्रीप’ होतंय म्हणायचो आणि चहा अर्धवट टाकून धावायचो. तिथे निदान पाय जमिनीवर असायचे.

म्हणून रेग्युलेटरचं वय डाइव्हमध्ये मोजतात तसंच कॅलेंडरवरही मोजतात. उत्पादक ठरावीक मुदतीने किंवा ठरावीक डाइव्हनंतर, यातलं जे आधी येईल तेव्हा, सर्व्हिस सांगतात. मधली वर्षं तो नुसता पडून होता म्हणून ती माफ होत नाहीत. ओ-रिंग पडून पडूनही कडक होते. तेव्हा सहकाऱ्याला किमतीच्या आधी हे विचारा: याची शेवटची सर्व्हिस कधी झाली, पावती आहे का, आणि या मॉडेलचा सर्व्हिस किट आपल्याकडे मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघावं लागेल’ असं आलं, तर तो रेग्युलेटर पेपरवेट म्हणून चांगला आहे.

तरी बघायला जरूर जा, शिकायला मिळेल. फर्स्ट स्टेजची टोपी काढली की आत हवा शिरते तिथे एक छोटी जाळीदार चकती दिसते. तो फिल्टर. तो हिरवट दिसला तर आत समुद्राचं पाणी गेलंय. लालसर असेल तर कुठल्यातरी गंजक्या स्टीलच्या सिलिंडरची धूळ, आणि काळा असेल तर कॉम्प्रेसरचं किंवा त्याच्या कोळशाच्या फिल्टरचं काहीतरी बिनसलेलं होतं. मग टोपी परत घट्ट लावा आणि सेकंड स्टेज तोंडात धरून श्वास ओढा. हवा मुळीच यायला नको. आली तर कुठेतरी गळती आहे. नळ्या दोन्ही टोकांना वाकवून भेगा शोधा. बीसीडी तोंडाने पूर्ण फुगवून रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी मऊ पडलं तर पुढचं बोलणं नको. ते कानाशी हलवूनही बघा. आत खडीसाखरेसारखं खुळखुळलं तर ते वाळलेलं मीठ आहे. एवढ्या सगळ्यातून सेट पार पडला, तरी माहीतगाराकडून पूर्ण सर्व्हिस झाल्याशिवाय पाण्यात नेऊ नका, आणि त्या सर्व्हिसचा खर्च साठ हजारांतून वजा करून मगच भाव करा.

पण खरं सांगू? सेट उत्तम निघाला तरी माझा सल्ला ‘आत्ता नको’ असाच असेल. मी स्वतः हा घोळ घातलाय. कोर्स झाल्या झाल्या, मला यंत्रातलं कळतं या घमेंडीत, मी पहिली खरेदी रेग्युलेटरचीच केली. परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून मागवला. तो निघाला डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी आत बसणारा. मी गेलो त्या ठिकाणी सगळे सिलिंडर योक जोडणीचे, वरून शिकंजा आवळायचे. अडॅप्टर माझ्याकडे नव्हता आणि तिथेही नव्हता. झालं काय, की चाळीस हजारांचा रेग्युलेटर हॉटेलवर, मी भाड्याचा लावून पाण्यात, आणि मास्कही भाड्याचाच असल्याने चाळीस मिनिटं नाकात पाणी. समोरून कासव गेलं म्हणतात. मी मास्क उपसत होतो.

तेव्हा माझा क्रम असा. चेहऱ्याला आणि पायाला लागणारं सामान आधी घ्या, कारण ते मापाचं असतं आणि भाड्याने आपल्या मापाचं मिळेलच असं नाही. यंत्र भाड्याने घ्या, कारण ते सांभाळायला सेंटरवर माणूस बसलेला असतो. सगळ्यात पहिला मास्क. त्याबद्दल खाली कळव्याच्या वाचकांना सविस्तर लिहिलंय, ते वाचा.

दुसरा नंबर मी कॉम्प्युटरला देतो. पुष्कळ जण फिन्सना देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. खोल पाण्यात दाबाखाली हवा घेताना शरीरात नायट्रोजन मुरत जातो. कॉम्प्युटर त्याचं पासबुक ठेवतो: किती जमा झाला, किती निघून गेला, या खोलीवर आणखी किती मिनिटं थांबता येईल. सकाळच्या डाइव्हला भाड्याचा एक घेतलात आणि दुपारी दुसरा मिळाला, तर दुपारच्या पासबुकात सकाळची नोंदच नाही. ‘माझ्या बडीकडे (पाण्यातल्या जोडीदाराकडे) आहे की’ हेही चालत नाही, दोन माणसं हुबेहूब एकाच खोलीवर कधीच नसतात. शिवाय वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवणं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, ही शिस्त नवख्याला मनगटावरचा आकडा बघत लवकर लागते. परतीच्या विमानाचा हिशेबही आलाच. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास जायला हवेत. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) सकाळचं विमान असेल, तर आदल्या दिवशी दुपारी पाण्यात जायचं नाही, कितीही हळहळ वाटली तरी.

कॉम्प्युटर साधा घ्या. आकडे मोठे असावेत, बॅटरी घरी बदलता यावी, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय असावी. हवेचा दाब दाखवणारा ट्रान्समीटर आणि रंगीत पडदा हे पुढच्या बोनसचं काम.

मग फिन्स. पूर्ण पाय आत जाणाऱ्या फिन्स हलक्या असतात, होडीतून उडी मारायची असेल तर पुरतात. मालवणला बहुतेक होडीच असते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल, प्रवाळाचे तुकडे नि खडक असतील, तर मागून पट्टा असलेल्या फिन्स आणि त्यात घालायचे निओप्रीनचे (मऊ, फुगीर रबराचे) बूट घ्या. बूट घालूनच फिन्स घालून बघा, आणि दुकानात जा संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. बसून पाय उचलून झटका: फिन डगमगता कामा नये, पण बोटंही मुडपता कामा नयेत. फ्रीडायव्हिंगच्या (सिलिंडरशिवाय, श्वास रोखून मारायच्या बुडीच्या) लांबलचक फिन्स फोटोत छान दिसतात. नवशिक्याच्या हातून, म्हणजे पायातून, त्या प्रवाळ मोडतात.

वेटसूट आपल्याकडच्या कोमट पाण्याला तीन मिलिमीटरचा भरपूर झाला. भाड्याच्या सुटात तुमच्याआधी कोण होतं आणि त्याने आत काय केलं, याचा विचार ज्यांना सहन होत नाही त्यांनी तो लवकर घ्यावा. (सगळे करतात. जे नाही म्हणतात ते दोनदा करतात.) सूट कोरडा असताना अंगाला अगदी घट्ट वाटला पाहिजे. पाठीच्या कण्याशी किंवा काखेत पोकळी राहिली तर तिथून थंड पाणी आत-बाहेर करत राहतं.

बीसीडी आणि रेग्युलेटरसाठी निदान पंचवीस-तीस डाइव्ह थांबा. दरवेळी वेगळ्या प्रकारचं जाकीट मागा आणि वहीत लिहून ठेवा: खांद्याला काचलं का, पोट आवळलं का, पाण्यावर तोंड वर राहिलं का. बायकांच्या मापाची जाकिटं वेगळी मिळतात. खांदा ते कंबर अंतर कमी असेल तर तो फरक फार मोठा असतो. तुमचा सहकारी तुमच्यापेक्षा किती उंच आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणखी एक व्यवहार: देशांतर्गत विमानात बहुतेकदा १५ किलो सामान चेक-इनला आणि सात किलो हातात. पूर्ण सेट नेलात तर कपडे न्यायला जागा उरत नाही. कोकण रेल्वेने पनवेलहून कुडाळ गाठणाऱ्यांना ही चिंता नाही, तो आपल्या बाजूच्या लोकांचा फायदा.

सिलिंडर विकत घेण्याचा विचारही करू नका. भरणं, ठरावीक मुदतीने दाबाची चाचणी, पेसोचे (अशा सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम, हे सगळं सेंटरचं काम आहे आणि सिलिंडर डाइव्हच्या पैशातच येतो.

तेव्हा सहकाऱ्याच्या सेटमधून फिन्स मापात असतील तर तेवढ्या मागून बघा. उरलेल्या पैशात पुढच्या वर्षभराच्या डाइव्ह होतील.

‘कळव्याला राहतो, वय ४७. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन, शिवाय आता जवळचाही लागलाय. मिशी आहे, काढणार नाही. मास्क कायम गळतो. कुठला घ्यावा?’

तुमचं मिशीचं वाक्य वाचून तुम्हाला भेटावंसं वाटलं. माझीही कॉलेजपासूनची आहे. पहिल्याच दिवशी तारकर्लीत शिकवणारा मुलगा म्हणाला होता, ‘काकानू, मिशी ठेवा नायतर मास्क ठेवा.’ आम्ही दोघांनी मधला मार्ग काढला. नाकाच्या अगदी खाली, मास्कचा सिलिकॉनचा काठ टेकतो तेवढी तीन-चार मिलिमीटरची पट्टी दाढी करताना साफ करायची. आरशात कुणाला कळत नाही, बायकोलाही चार दिवसांनी कळलं. केसांच्या मुळातून पाणी झिरपतं, ते ९० टक्के थांबतं. उरलेल्यासाठी मिशीला थोडं सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन नको, रबराच्या इतर भागांना ते मानवत नाही. तरीही थेंब-थेंब येणारच. नाकातून श्वास सोडून पाणी काढण्याचा सराव इतका करा की त्याचा वैताग उरू नये.

आता मास्क निवडणं. किंमत, रंग, कंपनी हे सगळं बाजूला ठेवा. पट्टा पुढे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मान थोडी खाली घातली तरी मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर पुढचा. असे सात-आठ बघावे लागतात, दुकानदार कंटाळला तरी बघा. मग तोंडात रेग्युलेटरचा किंवा स्नॉर्केलचा (पाण्यावर तरंगताना श्वास घ्यायच्या नळीचा) माउथपीस धरून परत तेच करा, कारण ओठ ताणले की गालाचा आकार बदलतो. हे कुणी करत नाही आणि मग पाण्यात गळतो. नाक चिमटीत धरता येतंय ना, ते बघा. कपाळाला काच टेकत नाही ना, तेही. गळायला लागला की लोक पट्टा आवळतात. त्याने काठ मुडपतो आणि जास्तच गळतो. पट्टा सैलच हवा, खाली पाण्याचा दाबच मास्क धरून ठेवतो.

नंबरचं सोपं आहे. दोन वेगळ्या काचांच्या पुष्कळ मास्कना उणे नंबरच्या तयार काचा मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. पाण्याखाली वस्तू तशीही एकतृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे उणे साडेतीनला अगदी तोच नंबर मिळाला नाही तर किंचित कमी चालून जातो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र काचा करून घ्याव्या लागतात. जवळच्या नंबरसाठी काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून चिकटवायचे छोटे भिंग मिळतात. मला वाटतं तुमच्या वयाला तेच सगळ्यात महत्त्वाचं: मासा धूसर दिसला तर चालेल, हवेचा गेज वाचता आलाच पाहिजे.

नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, बोटाने तीन-चार वेळा घासून धुवा. त्याशिवाय, वाफ धरू नये म्हणून काचेवर आतून कितीही थुंकलात तरी ती धरणारच.

‘खारघरच्या आमच्या सोसायटीत पूल आहे, फक्त पाच फूट. मित्राकडे भरलेला सिलिंडर आणि रेग्युलेटर आहे. नवीन सामान तिथे घालून बघायला काय हरकत?’

पूर्ण हरकत. पाच फूट म्हणजे दीड मीटर. तळाशी सिलिंडरची हवा छातीभर घेऊन, श्वास रोखून कुणी घाबरून उभा राहिला, तर फुप्फुसाला इजा व्हायला एवढी खोली पुरते. आत भरलेली हवा वर येताना फुगते, तिला वाट हवी. तुम्ही शिकला असाल, सोसायटीतली पोरं शिकलेली नाहीत, आणि ‘काका, एकदा मला द्या ना’ हे येणारच. सिलिंडर परत करा. मास्क, स्नॉर्केल, फिन्स घेऊन मात्र खुशाल उतरा, मास्क भरून रिकामा करण्याचा सराव तिथे उत्तम होतो. सेक्रेटरींना आधी सांगा, फिन्सवरून आमच्याकडे सर्वसाधारण सभेत विषय निघाला होता.

‘मुलगा १९ वर्षांचा, मित्रांबरोबर मालवणला चाललाय. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मागवलाय त्याने, त्यात नाकाने श्वास घेता येतो. स्कूबाला चालेल ना? – घोडबंदर रोडवरून एक आई’

नाही ताई. तो पाण्यावर तरंगत खाली बघण्यासाठी असतो. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, मग कानातला दाब बाहेरच्या पाण्याइतका करायचा कसा? आणि तोंडात रेग्युलेटरही धरता येत नाही. पोहण्याचा गॉगलही चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि खाली गेल्यावर डोळ्यांवर येणारा दाब नाकाने आत हवा सोडून सारखा करता येत नाही. एका दिवसाच्या डाइव्हला सगळं सामान तिथेच मिळतं, काही घेऊ नका. त्याला सर्दी असेल तर जाऊ देऊ नका, गोळी घेऊन तर मुळीच नाही. आणि दमा वगैरे काही असेल तर फॉर्मवर खरं लिहायला सांगा. मित्रांसमोर मुलं ‘नाही’वर टिक करतात.

‘नेरूळमध्ये पावसाळ्यात सामानाला बुरशी येते. कसं ठेवायचं?’

आल्या दिवशीच गोड्या पाण्याच्या टबात भिजत घाला, नुसता शॉवर पुरत नाही. रेग्युलेटरची टोपी कोरडी करून घट्ट लावलेली असू दे, आणि टबात असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, पाणी आत शिरतं. जाकिटाच्या आतही पाणी घालून, हलवून, ओतून टाका. वाळवायचं सावलीत. मास्कचा पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला चिकटून ठेवला तर पिवळा पडतो, त्याला त्याच्या डबीत ठेवा. फिन्स टोकावर उभ्या करू नका, वाकड्या होतात. जून ते सप्टेंबर कपाट आठवड्यातून एकदा उघडून पंखा लावा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. तसाही आपल्या किनाऱ्यावर तेव्हा हंगाम बंदच असतो.

वेटसूट पातळ हँगरला खांद्यावर टांगू नका. मी पहिल्या वर्षी टांगला होता, बाल्कनीत, रात्री. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी खिडकीतून बघितलं आणि वॉचमनला वर पिटाळलं, ‘कुणीतरी लटकलाय’ म्हणून. तेव्हापासून मी सूट कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकतो. खांद्यांवरचं निओप्रीन ताणत नाही, आणि आजींनाही झोप लागते.